आधी आवाज, मग वजन

थोरलीला, म्हणजे थोरल्या सुनेला, त्या घरात दोन वर्षं कुणी दोराला हात लावू दिला नव्हता. दोर घरातच असायचा, दाराशेजारच्या खुंटीवर वेटोळं करून टांगलेला. झाडताना तो बाजूला सारायची वेळ आली तर ती धाकट्या दिराला हाक मारायची. तोही निमूटपणे यायचा, वेटोळं उचलून धरायचा आणि तिचं झाडून झालं की परत टांगायचा. दोघंही यावर कधी बोलली नाहीत.

घर विहिरी खणणाऱ्यांचं. सासरा उभ्या आयुष्यात साठ-सत्तर विहिरींत उतरला होता. गुडघे गेल्यापासून काठावर बसून शिव्या देण्याचं तेवढं काम त्याच्याकडे उरलं होतं आणि ते तो मन लावून करायचा. खाली उतरायचा थोरला मुलगा. धाकटा माती वाहायचा. आणि रहाटाचा दांडा असायचा थोरलीच्या हातात. अंगानं ती किडकिडीत, पण दांडा धरला की खांबासारखी उभी राहायची. दोराच्या टोकाला फळी, फळीवर माणूस. दांड्याची एक फेरी म्हणजे दीड हात दोर. दर पाच फेऱ्यांनी वरच्यानं ओरडायचं, "आहेस?" आणि खालून उत्तर आलं पाहिजे, "आहे." या दोन शब्दांवर त्या घराच्या तीन पिढ्या खाली उतरून वर आल्या होत्या.

थोरला मात्र वर आला तो दुसऱ्यांनी काढला तेव्हा, तीन तासांनी.

बागवाल्याची विहीर होती ती. "तिचा हात ढिला पडला," म्हातारा त्या दिवशी जमलेल्या माणसांसमोर म्हणाला. "फळीला हिसका बसला अन् पोरगं गेलं." बोललेला शब्द मागे घेण्याची त्या घरात पद्धत नव्हती. त्या दिवसापासून म्हातारा सुनेशी बोलायचा थांबला. ती दोन हातांवर उभी असली तरी धाकट्याकडे बघून म्हणायचा, "तिला सांग, पाणी दे." धाकटा बिचारा कसनुसं तोंड करून म्हणायचा, "वहिनी, पाणी." ती पाणी द्यायची. म्हातारा तांब्या घ्यायचा तोही तिच्या हाताला हात लागू न देता.

सगळ्यात वाईट म्हणजे तिला ते पटलं होतं. रात्रंदिवस एखादी गोष्ट कानावर पडत राहिली की माणूस स्वतःची साक्ष विसरतो. ती आपले तळहात बघत बसायची. दोराचे घट्टे निघून गेले होते आणि हात मऊ पडत चालले होते. तिला त्या मऊपणाची भीती वाटायची. आणि तो आवाज होताच. रिकाम्या हंड्यात पाणी पडायला लागलं की आतून कुणीतरी म्हणायचं, "आहे." ती नळ बंद करायची. मग काहीच नसायचं.

त्या वर्षी पावसानं सलग तिसऱ्यांदा तोंड फिरवलं. ज्याच्या त्याच्या विहिरीला तळ दिसायला लागला आणि दोरवाल्यांच्या, म्हणजे या घराच्या, दारात माणसं येऊन बसायला लागली. एके सकाळी बागवाला आला. दाराशी उभा राहून चप्पल काढावी की नाही याचा विचार करत राहिला.

"आठ हात अजून खाली न्यायची आहे," तो म्हणाला. "झाडं वाळली. दुसरं कुणी त्या विहिरीत उतरायला तयार नाही."

"आमचा उतरेल," म्हातारा म्हणाला.

धाकटा दोर तपासत होता, तो तपासतच राहिला. आतल्या खोलीत थोरलीच्या हातातली वही खाली पडली.

वही कसली, तर कॉलेजची. चौतिसाव्या वर्षी ती कॉलेजात जायची आणि याची घरात कुणाला लाज वाटायची, कुणाला गंमत. बाहेरून परीक्षा देऊन ती शाळा पास झाली होती. कॉलेजचा अर्ज थोरल्यानं भरला होता, विहिरीत जाण्याआधी महिनाभर. "तू लिही, मी खणतो," म्हणाला होता. पुढे वर्षभर तो कागद तिनं कपड्यांच्या तळाशी ठेवला, आणि मग एक दिवस कुणाला न विचारता नेऊन दिला.

कॉलेजनं तिला दोन पानं लिहायला लावली. ती तिला नीट जमली नाहीत, म्हणून तिचं नाव पहिल्या वर्षाच्या पायाभूत लेखन वर्गात घातलं. दारावर तसं लिहिलं होतं. बाकीचं कॉलेज त्याला कच्च्यांचा वर्ग म्हणायचं. वर्षाअखेर पास झालात तर पुढे, नाहीतर नाव कमी. प्राध्यापकांच्या खोलीत या वर्गाबद्दल एकच म्हण चालायची, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. वर्ग भरायचा सकाळी सातला, म्हणजे कामाला जाणाऱ्यांना जाता यावं, आणि भरायचा मागच्या अंगणालगतच्या खोलीत. अंगणात कॉलेजची जुनी विहीर होती, फळ्या ठोकून बंद केलेली.

शिकवणाऱ्या बाई बुटक्या आणि हट्टी होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मला निबंध नको. हातानं येणारं एक काम लिहा. दुसरा ते वाचेल आणि करेल. लिहिलंय तेवढंच करेल, एक बोटही जास्त हलवणार नाही. काम झालं तर तुम्ही लिहिलंत. नाही झालं तर परत."

त्यावरून हसून हसून पुरेवाट व्हायची. न्हाव्यानं लिहिलं, "गालाला साबण लावा," तर शेजारच्या शिंपिणीनं स्वतःच्या गालाला साबण लावला. शिंपिणीनं लिहिलं, "कापड घेऊन कापा," तर न्हाव्यानं नवं कोरं कापड उभं कापून दोन तुकडे तिच्या हातात दिले. "मेल्या, अक्कल गहाण ठेवलीस का?" ती ओरडली. "ठेवलीय, बाईंकडे," न्हावी म्हणाला. बाई कुणावर चिडत नसत. त्या एकच प्रश्न विचारायच्या, "आधी काय झालं? मग काय?" महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यांच्या स्वप्नात तो प्रश्न येऊ लागला.

थोरली सुरुवातीला झाडू बांधायचं काम लिहून आणायची. बाईंनी तीनदा ऐकून घेतलं. चौथ्यांदा विचारलं, "हे काम तुझं आहे?"

"नाही," ती म्हणाली.

"मग तुझं कोणतं?"

बागवाला येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ते लिहून आणलं. वर्गातल्या टेबलाला विहीर ठरवलं. न्हावी टेबलाखाली शिरून बसला, कारण कुणीतरी खाली पाहिजे होतं. शिंपीण दांड्याच्या जागी काठी धरून उभी राहिली आणि कागद वाचून करत गेली. "माणूस फळीवर बसवा. दांडा सावकाश सोडा. पाच फेऱ्या झाल्या की विचारा, आहेस?"

"आहे," टेबलाखालून न्हावी म्हणाला.

 थोरलीनं बाक घट्ट धरलं.

दहाला विचारलं, पंधराला विचारलं. न्हाव्याला कंटाळा आला असावा, किंवा त्याची जन्मजात खोडी. विसाव्याला तो गप्प बसला. शिंपिणीनं पुन्हा कागद बघितला. "उत्तर नाही आलं तर काय करायचं, ते लिहिलं नाहीये," ती म्हणाली आणि काठी तशीच फिरवत राहिली. एकवीस. बावीस. तेवीस.

"थांब!" थोरली ओरडली. एवढ्या मोठ्यानं, की न्हाव्यानं टेबलाला डोकं आपटून घेतलं.

बाई जवळ येऊन बसल्या. त्यांनी काही समजूत घातली नाही. कागद पुढे सरकवला. "तुझ्या बाबतीत काय झालं ते लिही. आधी काय? मग काय?"

तिनं लिहायला दोन तास घेतले. बाकीचे कामावर निघून गेले. पाचला तो आहे म्हणाला. दहाला आहे म्हणाला. पंधराला आहे म्हणाला, पण हळू. विसाला मी विचारलं. उत्तर आलं नाही. मी दांडा रोखला आणि परत विचारलं. उत्तर आलं नाही. मी उलटा दांडा घेतला. दोन फेऱ्या वर ओढलं. मग दांडा हलका झाला.

ती तिथे थांबली. मग तिनं बोट ठेवून ते पुन्हा वाचलं. आधी आवाज गेला होता. वजन मग गेलं. हात ढिला पडून तो पडला असता तर आधी वजन गेलं असतं, आणि पडताना माणूस ओरडतो. तो ओरडला नव्हता. तिच्या हातात फळीवर बसलेला तो अजून होता, पूर्ण वजनाचा, तेव्हाच तो गप्प झाला होता.

तिला रडू आलं नाही. एवढा राग आला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

"आवाज कशानं जाईल?" बाईंनी विचारलं.

"हवेनं," ती म्हणाली. "खाली वाईट हवा साठते. तिला वास नसतो, रंग नसतो. म्हणून माणसाच्या आधी पेटता कंदील सोडतात. कंदील विझला तर माणूस उतरत नाही."

"त्या दिवशी कंदील सोडला होता?"

थोरलीनं कागदाची घडी घातली. त्या सकाळी ढग अगदी खाली आले होते. ती कंदील पुसत होती आणि काठावरून म्हातारा म्हणाला होता, कालच्या विहिरीला दिवा लागत नाही. घरातला जुना नियमच तो. काल ज्या विहिरीत उतरून सुखरूप वर आलो तिची परीक्षा परत कशाला घ्यायची? वेळ जातो, रॉकेल जातं, आणि विहिरीचा अपमान होतो म्हणे. तिनं कंदील खाली ठेवला होता.

वर्गातून घरी येऊन तिनं धाकट्याला एकट्याला गाठलं. "भावोजी, बागवाल्याच्या विहिरीत रोज कंदील सोडायचा. रोज."

"पहिल्या दिवशी सोडतीलच की."

"दुसऱ्या दिवशी? तिसऱ्या दिवशी?"

धाकटा चपलेच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "आबांना कोण सांगणार, वहिनी? मी सांगितलं तर म्हणतील घाबरला. तू सांगितलंस तर..." त्यानं पुढचं गिळलं. ज्या बाईच्या हातानं माणूस गेला तिनं विहिरीबद्दल बोलायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

याच सुमारास कॉलेजात धावपळ सुरू झाली. कच्च्या विद्यार्थ्यांना लिहितं करणारे चांगले उपक्रम कुठे चालतात ते शोधून त्यांचा गौरव करणारी एक मोठी समिती होती. बाईंनी कधीतरी तिला पत्र लिहिलं होतं, आणि समिती खरोखरच बघायला येणार होती. एका रात्रीत कच्च्यांचा वर्ग प्राचार्यांचा लाडका झाला. दाराला रंग लागला. आडात नाही म्हणणारे प्राध्यापक बाईंना चहा विचारू लागले. प्राचार्यांना थोरलीचं विहिरीचं लिखाण फार आवडलं, कारण अंगणात विहीर होती आणि फोटो चांगला येणार होता. फळ्या काढल्या गेल्या. रहाट पाहिजे होता, तो दोरवाल्यांकडून मागवायचं ठरलं. एका दिवसाची मजुरी ठरली आणि म्हातारा यायला तयार झाला. सून काय वाचणार आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

समितीत दोन पुरुष आणि एक चष्म्यातल्या बाई होत्या. त्यांच्याकडे एक छापील तक्ता होता, त्यात यश या नावाचा एक रकाना होता. "किती जण पुढच्या वर्गात गेले?" एका गृहस्थांनी विचारलं. बाईंनी आकडा सांगितला. "आणि उपक्रमात नवीन काय?" बाई म्हणाल्या, "बघा ना."

नियमाप्रमाणे शेवटच्या परीक्षेला वर्गाबाहेरचा माणूस लागायचा. रहाट ठोकून म्हातारा काठावर बसलाच होता, शेजारी धाकटा. बाईंनी त्याला विनंती केली.

"मी?" म्हातारा म्हणाला. "मला विहीर येत नाही का?"

"येते, म्हणूनच. येतं ते बाजूला ठेवायचं, काका. ती वाचेल तेवढंच करायचं. जास्त नाही, कमीही नाही."

सगळे हसले. म्हाताऱ्याला पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. माणसाऐवजी फळीवर वाळूचं पोतं बांधलं होतं. थोरली विहिरीच्या पलीकडच्या बाजूला कागद घेऊन उभी राहिली. दोघांच्या मध्ये विहिरीचं काळं तोंड.

"एक," तिनं वाचलं.  "रहाटाचे दोन्ही खांब धरून हलवा. हलले तर काम थांबवा."

म्हाताऱ्यानं खांब हलवले.

"दोन. दोर सगळा हातातून सरकवून बघा. नुसता डोळ्यांनी बघू नका."

म्हातारा बोटांतून दोर सरकवत गेला. मान जराशी हलली. बरोबर होतं ते.

"तीन. कंदील पेटवून दोराला बांधा आणि तळापर्यंत सोडा. काल याच विहिरीत उतरला असलात तरी सोडा. रोज सोडा."

म्हाताऱ्याचे हात दोरावर थांबले. अंगणात कुणाला काही कळलं नाही. धाकट्यानं मात्र मान खाली घातली.

"पुढचं वाच," म्हातारा म्हणाला.

दोन वर्षांत तो तिच्याशी थेट बोलला ते हे पहिलं वाक्य. त्याच्या लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक. तिच्या आलं.

"पुढचं नाही," ती म्हणाली. "तिसरं अजून झालं नाही."

गृहस्थांनी घड्याळ बघितलं. प्राचार्य पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी त्यांचा दंड धरला. म्हातारा विहिरीकडे बघत होता. वर ढग आले होते, पाऊस न देणारे, नुसते दाबून धरणारे.  मग म्हाताऱ्यानं हात पुढे केला आणि म्हणाला, "काडेपेटी."

कंदील खाली निघाला. दांडा म्हाताऱ्यानं स्वतः धरला आणि सवयीनं मोजत गेला. पाच. दहा. काच पिवळी दिसत होती. अकराव्या फेरीला ज्योत बसली, बाराव्याला निळी झाली. तेराव्याला विहिरीत काहीच उरलं नाही.

प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला. आदल्या दिवशीच ते शिपायाला म्हणाले होते, उतरून जरा कचरा काढून घे. शिपाई कामचुकार म्हणून वाचला.

म्हाताऱ्यानं कंदील वर घेतला. काच अजून गरम होती. ती त्यानं दोन्ही हातांत धरली आणि चटका बसला तरी सोडली नाही.

"त्या दिवशी ही कंदील पुसत होती," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळत नव्हतं. "मी म्हणालो, कालच्या विहिरीला दिवा लागत नाही. मी म्हणालो. ढग दिसत होते मला. माझा बाप सांगायचा, ढगाच्या दिवशी विहीर जड असते, वाईट हवा तळाशी भरते. मला ठाऊक होतं. माझं पोरगं मी सोडलं खाली, अन् नाव हिच्या हाताचं घेतलं."

चष्म्यातल्या बाईंना नीट उलगडा झाला नव्हता. त्यांनी हळूच विचारलं, "हे यांच्या लिखाणात आहे का?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "तिनं गाळलंय. माझ्यासाठी गाळलंय." मग तो विहिरीला वळसा घालून, गुडघे ओढत, सुनेसमोर जाऊन उभा राहिला. "लिही ते. तिसऱ्याच्या खाली लिही. अमुक एका म्हाताऱ्यानं दिवा सोडला नाही, अन् त्याचा मुलगा गेला. असं लिही, की वाचणाऱ्याला लाज वाटेल दिवा न सोडायची."

तिनं रहाटाच्या खांबावर कागद ठेवून लिहिलं. सगळं अंगण उभं होतं. मग त्यानं ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. "आधी आवाज गेला. मग वजन गेलं." तो तिथेच खाली बसला आणि एवढा मोठा माणूस तोंडात मूठ घालून रडला. तिला त्याची दया आली. रागही होताच, तो काही गेला नाही.

गौरव त्या कॉलेजला मिळाला. पितळी पाटी आली आणि दाराजवळ लागली. पाटीवर कॉलेजचं नाव होतं, समितीचं होतं, बाकी कुणाचं नव्हतं. पाट्यांची रीतच ती. थोरली पास झाली. तिच्या कागदाच्या प्रती न्हाव्यानं आपल्या दुकानात ठेवल्या आणि विहिरीवर काम काढणारा जो येईल त्याच्या गळ्यात, म्हणजे अर्ध्या दाढीवर, एक मारू लागला. शिंपीण म्हणायची, "वाचल्याशिवाय दुसरा गाल करत नाही मेला."

बागवाल्याच्या विहिरीवर काम सुरू झालं. पहिल्या दिवशी कंदील सोडला, तो जळत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा काठावर बसला होता. कंदील त्यानं स्वतः पुसला, स्वतः पेटवला, तळापर्यंत सोडून वर घेतला. जळत होता. धाकटा फळीवर बसला. म्हाताऱ्यानं दांड्याकडे बघितलं, मग सुनेकडे.

"धर," तो म्हणाला.

तिनं दांडा धरला. घट्टे गेलेल्या हातांना लाकूड खरबरीत लागलं. धाकटा काठाखाली गेला, आधी कंबर, मग खांदे, मग डोकं. पाच फेऱ्या झाल्या. दांडा थांबला.  म्हातारा कंदील मांडीवर धरून वाट बघत राहिला.

"आहेस?"

"आहे."

दहाला आहे. पंधराला आहे. विसाव्या फेरीला तिनं दांडा रोखला. इथेच. तिनं विचारलं, "आहेस?" आणि दोन्ही हातांनी, पायांनी, सगळ्या अंगानं ते वजन धरून ठेवलं.

"आहे," खालून धाकटा म्हणाला.

त्याच्या मागोमाग, जरा हळू, आणखी खालून पुन्हा आलं, "आहे."

विहिरीत आवाज घुमतो, हे तिला ठाऊक होतं. म्हाताऱ्यालाही ठाऊक होतं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. थोरलीनं दांडा घट्ट धरला आणि पुढची फेरी सोडली.